वाकड्या माशाची लांबी

"टेप घे आणि तलावावर चल. मासे मोजायचेत."

राहीआक्का दारातूनच बोलली. राहीआक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. मी तेव्हा पोलीस पाटलांच्या सुनेचं माप घेत होते. तोंडात दोन टाचण्या होत्या, त्यामुळे मला लगेच काही विचारता आलं नाही.

"मासे?" पाटलांची सूनच म्हणाली. "त्यांना काय चोळ्या शिवायच्यात?"

"तू गप बस गं बाई. केवळे, चल लवकर. सायब आल्यात. कारखान्याचा माणूस आलाय. समद्यांसमोर ह्यांनी तुझं नाव सांगितलंय."

'ह्यांनी' म्हणजे तिच्या नवऱ्यानं, दगडूअण्णांनी. ते माझे थोरले दीर आणि आमच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन. त्यांनी माझं नाव घेतलं याचंच मला जास्त नवल वाटलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि आमच्यात एक शब्द बोलणं झालेलं नव्हतं. भांडण नव्हतं. आमच्या भोई समाजात धाकट्या भावजयीनं थोरल्या दिराशी बोलायचं नाही, तोंड दाखवायचं नाही, अशी रीतच होती. त्यांना पाणी हवं असलं तर ते भिंतीकडे बघून "पाणी पायजे" म्हणत. मी तांब्या उंबऱ्यावर ठेवून आत जाई.

टाचण्या माझ्याच ब्लाऊजला टोचून ठेवल्या, टेप गळ्यात टाकला, पदर डोक्यावरून ओढला आणि निघाले.

हे त्र्याऐंशी सालचं. संक्रांत होऊन आठवडा झाला होता. लोणझरीच्या तलावावर आमची अडतीस घरं जगत होती. शेत कुणाकडेच नव्हतं. पावसाळ्यात बोटाएवढी पिल्लं तलावात सोडायची, हिवाळ्यापासून जाळी टाकायची, बायांनी पाट्या डोक्यावर घेऊन आठवड्याच्या बाजारी बसायचं. तलाव सरकारचा, पण मासेमारीचा ठेका आमच्या सोसायटीचा. तो त्या वर्षी संपत होता.

तीन वर्षांपूर्वी वरच्या अंगाला साखर कारखान्यानं दारूची भट्टी घातली. इंग्रजीत तिला डिस्टिलरी म्हणत. तिचं मळीचं पाणी ओढ्यानं आमच्या तलावात येऊ लागलं. पाण्याला आधी चहाचा रंग आला, मग काढ्याचा. पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडून राहत, जणू कुणी त्यांना काही विचारलं आहे आणि उत्तर सुचत नाही. मोठे होईनात. आणि दुसऱ्या वर्षापासून वाकडे निघू लागले.

त्यात एक नवा नियम आला. नमुन्याच्या पंचवीस माशांची सरासरी लांबी दहा इंच भरली तरच जुन्या सोसायटीला ठेका. नाही भरली तर सोसायटीनं तलावाकडे लक्ष दिलं नाही असं समजून तलाव दुसऱ्याला. दुसरा कोण, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. कारखान्याच्या एका डायरेक्टरचा भाचा. त्यानं नवी नायलॉनची जाळी आणून ठेवली होती, लेबलासकट.

म्हणजे त्या दिवशी पंचवीस मासे दहा इंच भरले नाहीत, तर अडतीस घरांनी आपल्याच तलावाच्या काठावर बसून दुसऱ्याचं जाळं बघायचं.

तलावावर करंजीच्या झाडाखाली शाळेतलं टेबल आणून ठेवलं होतं. त्यावर एक लाकडी फळी, तिला इंचांच्या खुणा. ओल्या पोत्यावर मासे ओळीनं मांडलेले. ओळ म्हणायची एवढंच. एकाची पाठ उंटासारखी, एकाची विळ्यासारखी, काहींना दोनदोन बाक, तर एक इतका गोल झाला होता की त्याचं शेपूट त्याच्या डोळ्यासमोर आलं होतं.

मत्स्य खात्याचे साहेब तांडेल आडनावाचे होते. तरुण, काळेसावळे, समुद्राकाठचे. ते एक मासा हातात घेऊन त्याच्याकडे असे बघत होते, जणू घरचं कुणी आजारी आहे. त्यांच्यासमोर कारखान्याचे केमिस्ट शिरोळे नाकाला रुमाल लावून उभे होते. आपल्याच कारखान्याच्या पाण्याचा वास त्यांना सहन होत नव्हता.

टेबलाच्या एका अंगाला दगडूअण्णा होते. मी लगेच त्यांच्याकडे पाठ केली. राहीआक्का आमच्या दोघांच्या मधे उभी राहिली. ती आमची तार होती, इकडचं तिकडे पोचवायची.

"ही आमची धाकली भावजय," अण्णा साहेबांना म्हणाले. "पंचक्रोशीतल्या बायांची मापं हिच्या हाताखालून गेल्यात. वाकडी न्‌ तिकडी, समदी."

"वाकडी कुणाची वो?" राहीआक्कानं विचारलं.

"मोजमापाचं बोलतोय मी."

"व्हय, पन कुणाची?"

"आपण माशांकडे येऊ," तांडेल साहेब म्हणाले.

मी येण्याआधी काय घडलं ते राहीआक्कानं मला कानात सांगितलं. साहेबांनी पहिला मासा फळीवर ठेवला. तो आठ इंच भरला. अण्णा म्हणाले, दहा आहे. साहेब म्हणाले, कुठे दहा? अण्णा म्हणाले, सरळ केला तर. मग राहीआक्कानंच पुढे होऊन दोन्ही तळव्यांनी मासा फळीवर दाबला, पोळी लाटावी तसा. कट्‌ असा आवाज झाला आणि माशाचे दोन तुकडे झाले.

"आता एकूण सव्वीस मासे झाले," शिरोळे म्हणाले होते. "सरासरी काढताना दोन्ही वेगळे धरा."

"अर्धा मासा म्हंजी मासा न्हवं," अण्णा.

"ते तुम्ही मोडण्याआधी बोलायचं."

तेव्हा अण्णांना माझ्या टेपची आठवण झाली होती.

"सायब," ते आता म्हणाले, "बाईच्या चोळीचा मुंढा असतो. काखेत गोल जातो. तो शिंपी सरळ पट्टीनं मोजतो का? टेप फिरवूनच मोजतो ना? मग ह्या माशाच्या पाठीला मुंढा हाय असं समजा."

साहेबांनी विचार केला. "तत्त्व बरोबर आहे," ते म्हणाले.

"टेप सरकारमान्य आहे का?" शिरोळेंनी विचारलं.

साहेबांनी माझा टेप मागून घेतला आणि फळीच्या खुणांशी लावून बघितला. माझ्या टेपचा पत्र्याचा तुकडा आणि पहिला इंच केव्हाच तुटला होता. मी एकापासून धरायची आणि शेवटी एक वजा करायची. गावातल्या सगळ्या चोळ्या त्याच हिशेबानं शिवलेल्या होत्या.

"हा टेप एक इंच जास्त दाखवतो," शिरोळे म्हणाले.

"मी एक सोडून देते," मी खाली बघून म्हणाले.

"आणि विसरलात तर?"

"आजवर कुणाची चोळी ढिली न्हाई झाली," राहीआक्का म्हणाली. "पायजे तर बायांना बोलावते."

शिरोळेंनी नको म्हटलं. पण ते फळीवरच अडून राहिले. "कायदा म्हणतो लांबी. लांबी म्हणजे सरळ लांबी. मासा पाण्यात जेवढी जागा अडवतो तेवढीच त्याची लांबी. उद्या मी गुडघे पोटाशी घेऊन बसलो तर माझी उंची तीन फूट भरेल, ती तुम्ही मान्य करायची."

"तुमी उठू शकता," अण्णा म्हणाले. "ह्यो उठू शकत न्हाई."

तांडेल साहेबांनी रजिस्टरचं पान उलटलं.

"आणखी एक काम आहे," ते म्हणाले. "सोसायटीनं तहसीलदारांकडे तक्रार दिली आहे, की कारखान्याच्या पाण्यानं माशांची वाढ खुंटली. त्याची चौकशीही माझ्याकडे आहे. दोनदा यायला जीप मिळत नाही. तेव्हा तेही याच पंचवीस माशांवरून ठरेल. लांबी भरली तर वाढ झाली. नाही भरली तर खुंटली."

मी पाठमोरी होते, तरी अण्णांचा श्वास थांबलेला मला ऐकू आला.

शिरोळेंनी नाकावरचा रुमाल काढून खिशात ठेवला.

"तसं बघितलं," ते हळूहळू म्हणाले, "तर शास्त्रीयदृष्ट्या टेपच योग्य. माशाची खरी लांबी म्हणजे त्याच्या कण्याची लांबी. चेअरमन म्हणतात ते मला पटलं."

"पन मला न्हाई पटत आता," अण्णा म्हणाले. "तुमचंच बराबर व्हतं. मासा जेवढी जागा अडवतो तेवढाच. फळीच बरी."

"मुंढ्याचं काय?"

"मुंढा बायांचा असतो. माशाला कुठं मुंढा असतोय?"

"म्हणजे तुम्ही म्हणता, मासे आखूड आहेत?"

"खुंटल्यात. आठ इंचाचं झाल्यात बिचारं."

"मग ठेका गेला तुमचा," शिरोळे म्हणाले.

अण्णा दचकले. शिरोळेही दचकले, कारण बोलता बोलता त्यांनाही कळलं, की टेप लावला तर ठेका आमच्याकडे राहतो आणि डायरेक्टरच्या भाच्याची नवी जाळी तशीच घडीत पडते. मग दोघांनी एकाच वेळी तोड काढली.

"ठेक्यासाठी फळी लावा आणि तक्रारीसाठी टेप," शिरोळे म्हणाले.

"ठेक्याला टेप, तक्रारीला फळी," अण्णा म्हणाले.

"एका माशाला एकच लांबी," साहेब म्हणाले. "सरकारी रजिस्टरात लांबीचा रकाना एक आहे. मी दोन आकडे लिहिले तर वरून मलाच विचारतील, की तुमचा मासा दुपारी वाढला का."

त्यांना चारची एस.टी. गाठायची होती, कारण जीप नुसती सोडायला आली होती, न्यायला येणार नव्हती. त्यांनी दोन्ही बाजूंना अर्धा तास दिला. आमच्याच घरातून चहा आला. शिरोळेंनी विचारलं, पाणी कुठलं, आणि विहिरीचं आहे असं कळल्यावर प्याले.

सोसायटीचे सात जण बांधावर बसून बोलले. राहीआक्का मधूनमधून येऊन मला सांगत होती. एक म्हणाला, तक्रार महत्त्वाची, पाणी सुधारलं नाही तर ठेका घेऊन काय करायचं? दुसरा म्हणाला, ठेकाच गेला तर पाणी सुधारून भाच्यालाच मासे. तिसरा म्हणाला, साहेबांना जेवायला थांबवू, एस.टी. चुकली की बघू. शेवटी अण्णा म्हणाले, आधी तलाव हातात राहू द्या. पाण्याचं पुन्हा भांडता येईल.

पलीकडे शिरोळे एकटेच येरझाऱ्या घालत होते. तलावावर फोन नव्हता. एका बाजूला डायरेक्टरचा भाचा, दुसऱ्या बाजूला भट्टीचा परवाना. डोक्यावर मुंडासं नव्हतं, तरी ते सावरावं तसा डोक्यावर हात ठेवून ते चालत होते. मग ते टेबलाजवळ आले.

"टेप," ते म्हणाले.

"टेपच," अण्णा म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. तीन वर्षांत कारखाना आणि सोसायटी यांचं पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झालं. फक्त तांडेल साहेबांचा चेहरा पडलेला होता.

मी मासे मोजायला घेतले.

तोंडापासून टेप धरायचा, पाठीवरून बोटानं दाबत न्यायचा, प्रत्येक उंचवट्यावरून आणि खोलीतून, शेपटीच्या फाट्यापर्यंत. मला ते काम अवघड गेलं नाही. बाईचं माप घेताना पाठीतला बाक हाताला कळतो. एका खांद्याचं उतरणं कळतं, ओझ्यानं वर आलेला मणका कळतो. आपण बोलत नाही. कापड असं कापतो, की तो बाक चोळीत दिसू नये. आमच्या कामात त्यालाच हात चांगला म्हणतात.

माशांच्या पाठीत मात्र बोट ठेवलं की आतलं हाड जागोजागी गाठ मारल्यासारखं लागे. काही ठिकाणी ते होतं की नाही तेच कळत नव्हतं, नुसतं मऊ.

"अकरा," मी म्हणे आणि जीभ चावून, "एक सोडून दहा."

"दहा," राहीआक्का मागे वळून अण्णांना सांगे, जणू त्यांना ऐकू आलंच नव्हतं.

"दहा," अण्णा करंजीच्या खोडाला सांगत.

साहेब लिहीत.

मोडलेल्या माशाची पाळी आली तेव्हा पुन्हा अडलं. शिरोळे म्हणाले, हे दोन आहेत. अण्णा म्हणाले, एक आहे. मी ब्लाऊजच्या दोन टाचण्या काढल्या, तुकडे एकमेकांना जोडले आणि टाचून टाकले. शिवणात असतं तसं, आधी टाचायचं, मग माप.

"मधे फट राहिली आहे," शिरोळे वाकून म्हणाले. "ती वजा करा."

"किती?" साहेबांनी विचारलं.

"दोरा जाईल एवढी."

साहेबांनी तेवढी वजा केली. रजिस्टरात तसं लिहिलं, मी बघितलं.

पंचवीस माशांची सरासरी सव्वादहा इंच आली.

बांधावर बसलेल्या माणसांनी टोप्या हवेत उडवल्या नाहीत, पण सगळे एकदम तंबाखू मळायला लागले. शिरोळेंनी अण्णांचा हात हातात घेतला. "वाढ उत्तम आहे तुमच्या माशांची," ते म्हणाले आणि अण्णाही हसत "हाय की" म्हणाले. मग आपण काय बोललो ते त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी हात सोडवून घेतला.

मी हात धुवायला काठावर गेले. तांडेल साहेब मागून आले.

"त्या पाण्यात धुऊ नका, बाई," ते म्हणाले. त्यांनी आपल्या बाटलीतलं पाणी माझ्या हातांवर ओतलं. रजिस्टर त्यांच्या काखेत होतं.

"तुम्ही बोटं फिरवलीत," ते म्हणाले. "काय लागलं हाताला?"

"कणा जाग्यावर न्हाई, सायब. एकाचाबी न्हाई."

"नसणारच. मळीमुळे पाण्यातला प्राणवायू कमी होतो. पिल्लू जे खातं ते नुसता श्वास घेण्यातच संपतं, वाढायला उरत नाही. आणि हाड धरायच्या वयात हे पाणी पोटात जातं, मग हाड असं धरतं." त्यांनी रजिस्टर उघडून माझ्यासमोर धरलं. "हा लांबीचा रकाना. भरला. हा शेजारचा शेऱ्याचा. यात मी लिहिलं, की सर्व माशांचे कणे वाकडे आहेत, माप वाकावरून घेतलं आहे, तर तुमची तक्रार जिवंत राहील. पण वरचे लोक ते माप ठेक्याला धरणार नाहीत. शेरा कोरा ठेवला, तर ठेका तुमचा आणि तक्रार आजच संपली."

मी ओले हात पदराला पुसले.

"खाली मोजणी करणाऱ्याची सही लागते," ते म्हणाले. "ती तुमची. तुम्ही म्हणाल ते लिहितो. माझं विचाराल तर..." आणि ते थांबले. "नको. माझं विचारू नका. मी चारच्या गाडीनं जाणार."

मी राहीआक्काला हाक मारली. सगळं तिला सांगितलं. ती पाच पावलं चालून अण्णांकडे गेली. इकडे वाऱ्यावर मला सगळं ऐकू येत होतं, पण रीत म्हणून मी थांबले.

अण्णांनी करंजीच्या खोडाकडे तोंड केलं.

"म्हनावं, मोजनारीनं ठरवावं," ते म्हणाले.

राहीआक्का परत आली. "ह्ये म्हनत्यात, मोजनारीनं ठरवावं."

"सोसायटी काय म्हनती?"

ती पुन्हा गेली. सात जण बांधावर बसले होते. एकानं पायातला काटा काढायला घेतला. एक म्हणाला, ज्याची सही त्याचा निकाल. शिरोळेंनीही तिकडून हात वर करून सांगितलं, की बाई म्हणतील ते कारखान्याला मंजूर आहे. नऊ वर्षांत मला घरात कुणी भाजी कोणती करायची हे विचारलं नव्हतं.

मी तलावाकडे बघितलं. माझा नवरा त्या वेळी पलीकडच्या काठाला जाळं वाळत घालत होता. त्याला वल्हवण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं. अडतीस घरांत कुणालाच येत नव्हतं.

"काही लिहू नका, सायब," मी म्हणाले.

"नक्की?"

"लांबी भरली ना? मग ऱ्हाऊ द्या."

त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात एक आडवी रेघ ओढली. मी टेबलावर वाकून सही केली. सातवीपर्यंत शिकले होते, सही वळणदार होती. केवळा विठ्ठल घटे.

आठ दिवसांनी ठेका मंजूर झाल्याचा कागद आला. दहा वर्षांसाठी. सोसायटीनं देवीला गोडाचा नैवेद्य केला. अण्णांनी राहीआक्काच्या हातून मला नारळ आणि खण पाठवला. पुढे कितीतरी दिवस पोरी मला वाटेत विचारत, मावशी, आज चोळी का मासा?

कारखान्यानं त्या मोजणीच्या पंचनाम्याची नक्कल काढून ऑफिसात काचेत लावली, असं ऐकलं. आम्ही नंतर तीन तक्रारी दिल्या. तिन्हींना एकच उत्तर आलं, सोबत त्या कागदाची नक्कल जोडून. तलावातील माशांची वाढ समाधानकारक असल्याचं स्थानिक तज्ज्ञांच्या प्रत्यक्ष मोजणीत आढळलं आहे. अण्णांनी ते पत्र वाचून घेतलं तेव्हा मी चुलीपाशी होते. ते भिंतीला म्हणाले, "तज्ज्ञ म्हंजी कोन?" मी चुलीत लाकूड पुढे सारलं.

तिसऱ्या उन्हाळ्यात, चैत्रातल्या एका सकाळी, सगळे मासे वर आले ते परत खाली गेले नाहीत. सबंध तलाव पांढरा दिसत होता. आम्ही टोपल्यांनी ते काढले आणि खड्ड्यात पुरले. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी पिल्लं सोडून बघितली. ती महिनाभरही राहिली नाहीत. पुरुषमाणसं ऊसतोडीला जाऊ लागली. माझा नवराही गेला. ऊस त्याच कारखान्याचा होता.

सत्त्याऐंशीत, दुपारच्या वेळी, परगावची तीन माणसं दारात आली. दोन पुरुष आणि माझ्याच वयाची एक बाई, डोक्यावर झाकलेली पाटी घेऊन. दुसऱ्या ओढ्यावरच्या वाघदरीची भोयांचीच माणसं. त्यातल्या एकाच्या हातात घडी घालून घालून मऊ झालेला, टाइप केलेला कागद होता.

"के. व्ही. घटे सायब हितंच ऱ्हातात का?" त्यानं विचारलं.

"काय काम होतं?"

"आमच्या वढ्यावर भट्टी झालीय. तक्रार केली तर त्यांनी ह्यो कागद दिला. म्हनले, घटे सायबांनी मोजून दिलंय, मळीच्या पाण्यात मासा चांगला वाढतो. तवा म्हनलं, सायबांना आमचे मासे दावावे."

"मीच घटे," मी म्हणाले.

तो माणूस माझ्यामागे घरात बघत राहिला, आणखी कुणी बाहेर येतंय का म्हणून. आत शिलाई मशीन होतं आणि त्यावर अर्धवट परकर.

बाईनं पाटी खाली ठेवली आणि वरचं ओलं फडकं काढलं. मला वाकून बघायची गरज नव्हती.

"तुमचे मासे सरळ होते का?" तिनं विचारलं.

"न्हाई. असेच होते."

"मग कागदावर का न्हाई लिवलं?"

"लिहिलं असतं तर तलाव गेला असता."

तिनं थोडा विचार केला. तिला ते पटलं असावं, कारण तिनं मान हलवली. तिच्या गावातही ठेका त्याच वर्षी संपत होता, हे मला मागाहून कळलं.

"मग वाचला का तलाव?" तिनं विचारलं.

मी पायात चपला घातल्या आणि त्यांना बांधावर घेऊन गेले. वारा आमच्याकडेच येत होता. दोन्ही पुरुषांनी धोतराचा सोगा नाकाला लावला. ती बाई तशीच उभी राहिली. पाणी काळं होतं आणि त्यावर कडेकडेनं फेस धरला होता. एक पाखरूसुद्धा बसलेलं नव्हतं. काठावर आमच्या दोन नावा उपड्या घातलेल्या होत्या, त्यांचं लाकूड चिरलं होतं.

"आता कुनाकडं हाय ह्यो?" तिनं विचारलं.

"आमच्याकडंच हाय," मी म्हणाले. "अजून सहा वर्षं."